सस्पेंड, रिझ्युम आणि मधल्यामधे टपकणारा इंटरप्ट

झाकण लावलं की लॅपटॉप झोपतो (सस्पेंड) आणि उघडलं की उठतो (रिझ्युम), बहुतेकांना एवढंच माहीत असतं आणि तेवढं पुरतं. पण ज्याने कधी ड्रायव्हर (एखादं डिव्हाइस चालवणारा कोड) लिहिलाय, किंवा दुसऱ्याचा ड्रायव्हर वाचता वाचता डोकं धरलंय, त्याला विचारा की ह्या झोपेत सगळ्यात जास्त मारामारी कशावरून होते. इंटरप्टवरून, म्हणजे 'माझ्याकडे बघ' म्हणून डिव्हाइसने सीपीयूला मारलेल्या हाकेवरून. वीज कमी करणं, क्लॉक बंद करणं हे त्यामानाने सरळ काम आहे, डेटाशीट उघडा, सांगितलेल्या रजिस्टरमध्ये (हार्डवेअरच्या आतला आकड्यांचा खण) सांगितलेला आकडा लिहा, झालं. इंटरप्ट मात्र बाहेरून येतो, त्याला हवं तेव्हा येतो, आणि मशीन अर्धं झोपलेलं नि अर्धं जागं असताना तर हमखास येतो.

मी लिनक्सच्या बाजूनेच लिहितोय कारण माझं रोजचं काम तिथलं आहे, पण दुसऱ्या सिस्टीमवर काम करणाऱ्यांनाही ही दुखणी ओळखीची वाटतील.

सुरुवातीलाच एक सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं ह्याच्याभोवती फिरणार आहे. 'झोपेतसुद्धा हा इंटरप्ट चालू राहू दे' ही एक मागणी, आणि 'हा इंटरप्ट आला तर मशीनला उठव' ही वेगळीच मागणी. ऐकायला सारख्या वाटतात, कोडमध्ये दोन्हीसाठी एकेक ओळच लागते, आणि म्हणूनच लोक एकीच्या जागी दुसरी लिहून मोकळे होतात. सस्पेंडचे जे पॅच (कोडमधले बदल) माझ्यासमोर रिव्ह्यूला येतात त्यात हा घोळ इतक्या वेळा असतो की मी आता पॅच उघडल्यावर आधी तेच शोधतो.

आता क्रम. झोपायचं ठरलं की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आधी युजरच्या सगळ्या प्रोसेस गोठवतो. मग डिव्हाइसेसच्या चार फेऱ्या होतात, प्रिपेअर, सस्पेंड, लेट आणि नो-आयआरक्यू (आयआरक्यू म्हणजे इंटरप्टच). प्रिपेअर सोडली तर बाकीच्या फेऱ्यांमध्ये चाइल्ड आधी झोपतो आणि पेरेंट नंतर, म्हणजे यूएसबी माउस आधी, तो ज्या कंट्रोलरला लटकलाय तो नंतर. लेट आणि नो-आयआरक्यू ह्यांच्या मधल्या फटीत 'सस्पेंड डिव्हाइस आयआरक्यूज' नावाचं फंक्शन चालतं. ते सगळ्या इंटरप्ट लाइन्सवरून (ज्या तारांवरून इंटरप्ट येतात त्या) एक चक्कर मारतं, बंद करण्यासारख्या बंद करतं, आणि ज्यांचे हँडलर (इंटरप्ट आल्यावर चालणारी ड्रायव्हरची फंक्शनं) त्याच क्षणी कुठल्यातरी सीपीयूवर चालू असतील ते संपेपर्यंत वाट बघतं. शेवटच्या फेरीचं नावच नो-आयआरक्यू आहे ते ह्यामुळे, तिथे ड्रायव्हरला खात्री असते की आता माझा हँडलर मधेच येऊन माझ्याच हार्डवेअरला हात लावणार नाही. मग एक सीपीयू सोडून बाकीचे ऑफलाइन, मग त्या उरलेल्या एकावरही इंटरप्ट बंद, मग इंटरप्ट कंट्रोलरसारख्या (इंटरप्ट सीपीयूपर्यंत पोचवणारी चिप) पायाच्या गोष्टींची अवस्था सेव्ह, आणि मग फर्मवेअरच्या (मशीनमध्येच बसवलेलं, कर्नलच्या खालचं सॉफ्टवेअर) हाती सगळं सोपवून मोकळं. उठताना हेच उलट्या क्रमाने, फक्त तिथे पेरेंट आधी.

(सीपीयू ऑफलाइन होताना त्यांच्याकडचे इंटरप्ट उरलेल्या सीपीयूवर ढकलले जातात, आणि एक्स८६ वर एका सीपीयूला २५६च व्हेक्टर, म्हणजे इंटरप्ट ओळखायचे क्रमांक, असतात, त्यातले पहिले ३२ एक्सेप्शनसाठी राखीव. लॅपटॉपला काही फरक पडत नाही, पण भरपूर सीपीयू आणि भरपूर रांगांची नेटवर्क कार्डं असलेल्या सर्व्हरला कोणी हायबरनेट, म्हणजे सगळं डिस्कवर सेव्ह करून बंद, करायला गेला तर व्हेक्टरच पुरत नाहीत आणि सीपीयू ऑफलाइन व्हायला नकार देतो. सर्व्हरला हायबरनेट का करायचं हा प्रश्न वेगळा, पण लोक करतात.)

हे 'सगळे इंटरप्ट एका झटक्यात बंद' प्रकरण पहिल्यापासून नव्हतं. २००९ मध्ये २.६.३० कर्नलमध्ये राफाएल विसोत्स्की यांनी ते आणलं. त्याआधी ज्याचं त्याने बघायचं, अशी पद्धत होती, आणि ज्याचं त्याने बघायचं म्हटलं की काय होतं ते आपल्याला माहीतच आहे. मुख्य दुखणं शेअर केलेल्या लाइनचं. जुन्या पीसीआयवर (मशीनला कार्डं जोडायची पद्धत) एका स्लॉटच्या वाट्याला चारच इंटरप्ट लाइन्स, त्यामुळे साउंड कार्ड, यूएसबी कंट्रोलर आणि नेटवर्क कार्ड एकाच लाइनवर नांदतायत हे अगदी नेहमीचं. लाइन वाजली की कर्नलला कळत नाही नक्की कोणी वाजवली, तो त्या लाइनवरच्या सगळ्या हँडलरना एकेक करून विचारतो, 'तुझं आहे का?' आणि प्रत्येक हँडलर आपल्या डिव्हाइसचं स्टेटस रजिस्टर वाचून हो किंवा नाही म्हणतो.

आता समजा नेटवर्क कार्ड डी३ मध्ये गेलंय, म्हणजे गाढ झोपलंय, आणि यूएसबी अजून जागं आहे आणि त्याने लाइन वाजवली. कर्नल नेटवर्कच्या हँडलरलाही विचारणार. तो स्टेटस रजिस्टर वाचणार. झोपलेलं पीसीआय डिव्हाइस उत्तरच देत नाही, मग वाचणाऱ्याच्या हातात येतात ३२ चे ३२ बिट १. एरर नाही, एक्सेप्शन नाही, नुसते १. हँडलर बघतो, अरे वा, पॅकेट आलंय हा बिट १, पॅकेट गेलंय हाही १, लिंक बदलली हा १, हार्डवेअर बिघडलं हाही १, म्हणजे जगातली सगळी कामं एकदम आली! मग तो उत्साहाने रिसीव्ह रिंगमध्ये (आलेली पॅकेट ठेवायची रांग) जातो, तिथून वाचलेला इंडेक्सही सगळेच १, आणि पुढे काय होतं ते लॉगच्या शेवटच्या दहा ओळींत दिसतं, लॉग उरला असेल तर. म्हणूनच चांगल्या ड्रायव्हरमध्ये हँडलरच्या पहिल्या दोन ओळीत एक चेक असतो, सगळे बिट १ असतील तर 'माझं नाही' म्हणून बाहेर पड. दिसायला बावळट चेक आहे पण काढू नका. फोनमधल्या एआरएम चिपवर तर त्याहून वाईट, तिथे ज्या ब्लॉकचा क्लॉक बंद आहे त्याचं रजिस्टर वाचलं तर सगळे १ वगैरे लाड नाहीत, बसच (चिपच्या आतला डेटाचा रस्ता) अडकते किंवा थेट अबॉर्ट येतो.

ह्याच्या उलटाही प्रकार आहे. डिव्हाइस खरंच वाजवतंय, पण ड्रायव्हर मनाशी धरून बसलाय की मी झोपलोय, त्यामुळे हँडलर प्रत्येक वेळी 'माझं नाही' म्हणतो. लेव्हल ट्रिगर लाइन (डिव्हाइसचं काम होईपर्यंत वाजतच राहणारी) असेल तर ती खाली येतच नाही, कारण वाजण्याचं मूळच मिटवलं नाही कोणी. कर्नल बिचारा परत परत विचारत बसतो, आणि १,००,००० इंटरप्टपैकी ९९,९०० जर कोणीच आपले म्हटले नाहीत तर 'नोबडी केअर्ड' असा मेसेज टाकून ती लाइनच कायमची बंद करतो. मग त्या लाइनवरची बाकीची निरपराध मंडळीही गेली. झोपेतून उठल्यावर साउंड बंद पडला म्हणून लोक साउंडच्या ड्रायव्हरला शिव्या घालतात आणि गुन्हेगार भलताच असतो, तो हा प्रकार.

आता 'इंटरप्ट बंद केला' म्हणजे नक्की काय केलं, ह्यातही मेख आहे. लिनक्स बऱ्याचदा आळशी बंद करतो. म्हणजे हार्डवेअरमधलं मास्क रजिस्टर (ज्याने लाइन खरोखर झाकली जाते ते) लगेच लिहीत नाही, नुसतं आपल्या वहीत लिहून ठेवतो की ही लाइन बंद. बंद असताना इंटरप्ट आलाच नाही तर हार्डवेअरला हात लावायचे कष्ट वाचले. आला, तर मग तेव्हा खरोखर मास्क करायचं आणि 'एक बाकी आहे' अशी खूण करून ठेवायची, पुढे लाइन चालू केली की तो बाकी राहिलेला इंटरप्ट परत उडवायचा. हे परत उडवणं एज ट्रिगरसाठीच. एज म्हणजे एक क्षणभराची धार, ती येऊन गेली की गेली, कोणी टिपून ठेवली नाही तर हरवली. लेव्हलला ह्याची गरज नाही, डिव्हाइसचं काम होईपर्यंत ते लाइन धरूनच ठेवतं, मास्क काढला की आपोआप परत येतो. त्यामुळे झोपेच्या वेळी हरवणारे इंटरप्ट बहुतेक एजवाले आणि उठताना पूर येणारे बहुतेक लेव्हलवाले. बग रिपोर्ट वाचताना एवढं डोक्यात ठेवलं तरी निम्मा तपास होतो.

काही इंटरप्ट कंट्रोलर मात्र असे असतात की त्यांच्यात 'हा उठवणारा, हा न उठवणारा' असं वेगळं सांगायची सोयच नाही, जी लाइन मास्क नाही ती मशीनला उठवणार, विषय संपला. तिथे आळशीपणा चालत नाही. म्हणून चिपच्या ड्रायव्हरने 'मास्क ऑन सस्पेंड' हा फ्लॅग लावायचा असतो, मग कर्नल झोपताना न उठवणाऱ्या सगळ्या लाइन्स खरोखर मास्क करतो. हा फ्लॅग राहिला तर लक्षण काय दिसतं, तर मशीन झोपतं आणि लगेच उठतं, झोपतं आणि लगेच उठतं, आणि प्रत्येक वेळी कारण वेगळं.

आता येऊ मूळ मुद्द्यावर, उठवणाऱ्या इंटरप्टकडे. ड्रायव्हर 'एनेबल आयआरक्यू वेक' म्हणतो. त्याचा अर्थ कर्नलसाठी एवढाच की झोपताना ही लाइन सज्ज ठेव. सज्ज लाइन वाजली की काय होतं, ह्याबद्दल मी बऱ्याच अनुभवी लोकांनाही चुकीचं सांगताना ऐकलंय. त्यांना वाटतं ड्रायव्हरचा हँडलर चालतो आणि तो मशीनला उठवतो. तसं नाही. हँडलर चालतच नाही! कर्नल ती लाइन तिथल्या तिथे बंद करतो, 'बाकी आहे' अशी खूण करतो, सिस्टीमला सांगतो की उठायचं कारण आलंय, आणि बस. हँडलर चालतो तो नंतर, उठताना नो-आयआरक्यू फेरी संपून लाइन्स परत चालू झाल्या की. रात्रीचा वॉचमन जसा आलेल्या माणसाला फाटकातच उभं करून घरच्यांना फक्त उठवतो, दार तो स्वतः उघडत नाही, तसं. झोपलेल्या डिव्हाइसचा हँडलर तेव्हाच चालवला तर काय होतं ते वर बघितलंच, सगळे बिट १. हा नीट विचार केलेला प्रकार २०१४ मध्ये ३.१८ च्या आसपास कर्नलमध्ये स्थिरावला, त्याआधी वेगवेगळ्या प्लॅटफॉर्मचे वेगवेगळे जुगाड होते.

हे वर्णन लागू पडतं ते कर्नल अजून चालू असताना, म्हणजे झोपायच्या वाटेवर किंवा सस्पेंड-टू-आयडलमध्ये (ते पुढे येतंय). एसीपीआयच्या (पीसीच्या वीज-व्यवस्थेचं स्टँडर्ड) खऱ्या एस३ मध्ये, म्हणजे रॅम सोडून बाकी जवळजवळ सगळ्याची वीज गेल्यावर, सीपीयूच बंद असतो आणि इंटरप्ट कंट्रोलरही, तिथे इंटरप्ट कोणाला देणार? तिथे उठवण्याचा रस्ताच वेगळा आहे. पीसीआय डिव्हाइस पीएमई नावाचा सिग्नल देतं, तो चिपसेटमध्ये नेहमी जाग्या असणाऱ्या भागात जीपीई (एसीपीआयची 'काहीतरी घडलं' अशी सूचना) म्हणून पोचतो, तो भाग वीज चालू करतो, फर्मवेअर धावतं आणि मग कर्नलला जिथे सोडलं होतं तिथे उडी मारतं. कुठलं डिव्हाइस कुठल्या जीपीईने आणि किती खोल झोपेतून उठवू शकतं हे फर्मवेअरच्या टेबलांमध्ये लिहिलेलं असतं, आणि तिथे चुकीचं लिहिलं असेल तर तुम्ही ड्रायव्हरमध्ये कितीही कवायत करा, उपयोग शून्य.

सस्पेंड-टू-आयडल, जे लिनक्समध्ये २०१३ पासून आहे, त्यात असलं काही नाही. सीपीयू ऑफलाइन होत नाहीत, फर्मवेअरकडे कारभार जात नाही, सगळे सीपीयू जमेल तितक्या खोल आयडलमध्ये बसून राहतात आणि साध्या इंटरप्टने उठतात. विंडोजने २०१२ मध्ये कनेक्टेड स्टँडबाय आणलं आणि पुढे तेच मॉडर्न स्टँडबाय झालं, तेव्हापासून लॅपटॉप बनवणारे ह्याच दिशेने गेले, आज कित्येक नव्या मशीनमध्ये एस३ मिळतच नाही. माझं मत विचाराल तर इंटरप्टच्या दृष्टीने हे जास्त प्रामाणिक मॉडेल आहे, फर्मवेअरच्या पोटात काय चाललंय ह्याचा अंदाज बांधत बसावं लागत नाही. पण किंमत अशी की एक जरी लाइन उगाच वाजत राहिली तरी मशीन झोपतच नाही, आणि हे बाहेरून कळत नाही. स्क्रीन काळी असते, आणि लॅपटॉप बॅगेत तापत असतो.

आता तो दुसरा फ्लॅग, 'नो सस्पेंड'. इंटरप्ट मागताना हा लावला की कर्नल झोपताना ती लाइन बंदच करत नाही, हँडलर नो-आयआरक्यू फेरीतही चालत राहतो. हा कशासाठी आहे? मुख्यतः टायमरसाठी. नो-आयआरक्यू फेरीतही ड्रायव्हरना थोडं थांबायचं असतं, वेळ मोजायची असते, टायमरच बंद झाला तर सगळंच ठप्प. तशाच आणखी एकदोन पायाच्या गोष्टी. ह्या फ्लॅगने मशीन उठेलच अशी कुठलीही हमी नाही, हे कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय. तरी लोक काय करतात, पॉवर बटणाने मशीन उठत नाही म्हणून 'नो सस्पेंड' लावून बघतात, त्या एका बोर्डवर योगायोगाने चालतं, पॅच पाठवून देतात. मग दुसऱ्या बोर्डवर तीच लाइन शेअर केलेली असते, आणि शेअर केलेल्या लाइनवर एकाने 'नो सस्पेंड' म्हटलं की बाकीच्यांचेही हँडलर झोपेत धावणार, त्यांची इच्छा असो वा नसो. परत सगळे बिट १. रोगापेक्षा औषध भयंकर.

ह्याचं खरंखुरं उदाहरण म्हणजे ॲटमेलच्या एटी९१ चिप्स. तिथे सिस्टीमचा टायमर, आरटीसी (तारीख-वेळेचं घड्याळ) आणि डीबगचा सिरियल पोर्ट असे सगळे एकाच इंटरप्ट लाइनवर बसवलेत. टायमरला 'नो सस्पेंड' हवाच, आरटीसीला मशीन उठवायचंय, सिरियलला झोपायचंय, आणि लाइन एक. २०१५ मध्ये ह्यासाठी 'कंडिशनल सस्पेंड' म्हणून तिसराच फ्लॅग काढावा लागला. त्याचा अर्थ असा की 'मी स्वतः लाइन चालू ठेवायला सांगत नाही, पण शेजाऱ्यासाठी चालू राहिली तर माझा हँडलर ते सांभाळून घेईल, झोपलेल्या हार्डवेअरला हात लावणार नाही'. म्हणजे ही फ्लॅगपेक्षा ड्रायव्हर लिहिणाऱ्याने दिलेली हमीच जास्त आहे. खरं पाळतोय की नाही ते कर्नल तपासू शकत नाही.

वेकच्या बाजूलाही खड्डे आहेत. जीपीआयओ एक्सपांडर घ्या, म्हणजे साध्या इनपुट-आउटपुट पिना (जीपीआयओ) वाढवणारी, आयटूसी बसवर (दोन तारांची जोडणी) बसलेली छोटी चिप, तिला पाचसहा बटणं जोडलेली, आणि तिची स्वतःची एक लाइन मुख्य चिपकडे गेलेली. बटणाचा ड्रायव्हर वेक चालू कर म्हणतो, एक्सपांडरचा ड्रायव्हर ठीक आहे म्हणतो, शून्य, म्हणजे 'एरर नाही', परत देतो, सगळं छान. पण त्याने ती मागणी वर आपल्या पेरेंट लाइनपर्यंत पोचवलीच नाही तर? एक्सपांडर इमानदारीत आपली लाइन ओढणार, आणि मुख्य चिप ढिम्म. कुठेही एरर नाही, वॉर्निंग नाही, फक्त बटण दाबून मशीन उठत नाही. अशा वेळी बटणाच्या ड्रायव्हरमध्ये शोधत बसू नका, साखळीतल्या प्रत्येक कंट्रोलरचा वेकचा कॉलबॅक बघत वर चढा.

आणि काही कंट्रोलरमध्ये वेकची सोयच नसते, तेव्हा 'एनेबल आयआरक्यू वेक' एरर देतो. बरेच ड्रायव्हर तो बघतच नाहीत. मग उठताना इमानेइतबारे 'डिसेबल आयआरक्यू वेक' करतात आणि लॉगमध्ये 'अनबॅलन्स्ड आयआरक्यू वेक डिसेबल' असं भलंमोठं वॉर्निंग येतं, कारण कर्नल आत मोजणी ठेवतो, जितक्या वेळा चालू तितक्या वेळा बंद. ते वॉर्निंग उठताना दिसतं म्हणून लोक रिझ्युममध्ये शोधतात, चूक असते सस्पेंडमध्ये.

आता टचपॅडची गोष्ट, कारण ह्यात क्रम, लेव्हल आणि वेक तिन्ही एकत्र येतात. आजकालचे टचपॅड आयटूसीवर असतात आणि त्यांची इंटरप्ट लाइन वेगळी, जीपीआयओवर. मी बघत होतो त्या मशीनवर (कंपनीचं नाव राहू दे) तक्रार अशी होती की झोपताना बोट टचपॅडला लागलेलं असलं तर उठल्यावर टचपॅड मेलेला. लॉगमध्ये आयटूसी अडॅप्टरच्या नावाने 'ट्रान्सफर व्हाइल सस्पेंडेड' असं वॉर्निंग आणि त्याखाली टचपॅडची -१०८ एररची रांग. वाचलं की चित्र उभं राहतं. उठताना नो-आयआरक्यू फेरी संपली, सगळ्या लाइन्स चालू झाल्या. टचपॅडने लाइन धरून ठेवलीच होती, लेव्हल, म्हणून हँडलर लगेच धावला. हँडलरला डेटा वाचायचाय आयटूसीवरून, पण आयटूसी कंट्रोलरच्या ड्रायव्हरने आपलं उठणं साध्या रिझ्युम फेरीत ठेवलेलं, म्हणजे तो अजून झोपलेलाच. वाचणं फसलं, डेटा वाचला नाही म्हणून टचपॅड लाइन सोडेना, हँडलर परत, परत फसला, असं कंट्रोलर उठेपर्यंत चाललं आणि तोवर ड्रायव्हरने आतल्या आत हार मानलेली.

खरं तर टचपॅड आयटूसी कंट्रोलरचा चाइल्ड आहे, त्यामुळे टचपॅडचा रिझ्युम कंट्रोलरच्या नंतरच होतो, तो क्रम कर्नल पाळतो. पण इंटरप्ट तो क्रम पाळत नाही! इंटरप्ट लाइन्स सगळ्या एकदम चालू होतात, कोणाचा पेरेंट उठलाय नि कोणाचा नाही हे बघत नाहीत. ही गोष्ट डोक्यात बसली की असले निम्मे बग लॉग न बघताही ओळखता येतात. उपाय दोन. एक, कंट्रोलरला नो-आयआरक्यू फेरीतच उठवा, बरेच आयटूसी कंट्रोलर तसंच करतात. दोन, टचपॅडच्या ड्रायव्हरने आपल्या सस्पेंडमध्ये स्वतःचा इंटरप्ट बंद करावा आणि आपल्या रिझ्युममध्ये चालू करावा, म्हणजे तोवर पेरेंट उठलेलाच असतो. मला दुसरा जास्त आवडतो कारण त्यात कोणाच्या भरवशावर राहावं लागत नाही. पण, इथे पण आहेच, टचपॅडने मशीन उठवायचंही असेल तर बंद केलेली लाइन वेकसाठी सज्ज राहील का? ते चिपवर अवलंबून. आळशी बंद असेल तर हार्डवेअर उघडंच असतं, चालून जातं. खरोखर मास्क करणाऱ्या चिपवर ती उठवणार नाही, त्यासाठी चिपच्या ड्रायव्हरला 'सस्पेंडमध्ये वेक लाइन उघड' असा आणखी एक फ्लॅग द्यावा लागतो. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

एक शर्यत अशी आहे की जी ड्रायव्हरमध्ये सोडवताच येत नाही. झोपायचा निर्णय युजरस्पेस, म्हणजे कर्नलच्या बाहेरचे प्रोग्रॅम, घेतो. समजा त्याने ठरवलं 'झोपूया', आणि तो आदेश लिहिण्याच्या आत कॉल आला, इंटरप्ट आला, हँडलर चालून मोकळा पण झाला. युजरस्पेसला अजून कळलेलं नाही, तो आदेश देतो, फोन झोपतो, कॉल वाजत नाही. ॲन्ड्रॉइडने ह्यासाठी वेकलॉक ('आत्ता झोपू नकोस' असं सांगणारं कुलूप) काढले, ते मुख्य कर्नलमध्ये घ्यायचे की नाही ह्यावरून २०१० च्या आसपास मेलिंग लिस्टवर महाभारत झालं, आणि त्यातून २.६.३६ मध्ये 'वेकअप काउंट' नावाची साधी फाइल आली. आकडा वाचा, मग तोच आकडा परत लिहा. मधे काही येऊन गेलं असेल तर लिहिणं फसतं, मग झोपू नका. लिहिणं जमलं तर त्यानंतर येणारी कुठलीही वेक घटना झोप अर्ध्यावर मोडते. किती छोटी युक्ती आहे! मला ह्या अख्ख्या प्रकरणातली ही सगळ्यात आवडती गोष्ट. वेकलॉक पण शेवटी २०१२ मध्ये वेगळ्या रूपात आलेच, ते असो.

एमएसआय, म्हणजे तारेऐवजी मेसेजने येणारे इंटरप्ट, वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. तिथे लाइन नसते, डिव्हाइस ठरावीक पत्त्यावर मेमरी राइट करतं तोच इंटरप्ट. शेअरिंगची कटकट नाही. पण तो पत्ता आणि डेटा डिव्हाइसच्या कॉन्फिगरेशनमध्ये असतो आणि वीज पूर्ण गेली की पुसला जातो. पीसीआयचा कोअर कोड उठताना ते परत लिहितो, तुम्ही रिझ्युममध्ये शहाणपणा करून परत इंटरप्ट मागायला जाऊ नका. डिव्हाइसच्या आतले स्वतःचे इंटरप्ट एनेबल बिट मात्र तुम्हालाच परत लिहायचेत, ते कोअरला माहीत नसतात. 'उठल्यावर नेटवर्क कार्ड दिसतंय पण पॅकेट येत नाहीत' हे बहुतेक इथलंच.

शोधायचं कसं. आरटीसीवेक ही कमांड आधी शिका, ३० सेकंदांनी उठव म्हणून सांगितलं की हाताने झाकण उघडझाप करत बसावं लागत नाही, रात्रभर लूपमध्ये लावून सोडा. 'पीएम टेस्ट' फाइलने झोपेच्या वाटेवर अर्ध्यातून परत फिरता येतं, पाच सेकंद थांबून मशीन उठतं. इथे एक बारकावा, त्यात 'डिव्हाइसेस' निवडलं तर नो-आयआरक्यू फेरीपर्यंत गाडी जातच नाही, इंटरप्टचे बग पकडायचे असतील तर 'प्लॅटफॉर्म' निवडा. मशीन उठताना मरतच असेल आणि लॉग मिळत नसेल तर 'पीएम ट्रेस' आहे, तो कुठपर्यंत पोचलो ह्याची खूण आरटीसीच्या घड्याळात लिहून ठेवतो, कारण रीसेटनंतर तेवढीच जागा शिल्लक राहते. त्यामुळे पुढच्या बूटला तारीख भलतीच दिसते, घाबरू नका. विंडोजवर 'पॉवरसीएफजी लास्टवेक' निदान शेवटी कोणी उठवलं त्याचं नाव तरी सांगतो.

आणि आपोआप उठणाऱ्या लॅपटॉपसाठी 'पीएम वेकअप आयआरक्यू' फाइल वाचा, तिच्यात ज्या इंटरप्टने उठवलं त्याचा नंबर असतो. १ दिसला तर कीबोर्ड, ८ दिसला तर आरटीसी, म्हणजे कोणीतरी अलार्म लावलाय. पण बहुतेक वेळा दिसतो ९, आणि ९ म्हणजे एसीपीआय, म्हणजे झाकण, बॅटरी, चार्जर, पॉवर बटण, सगळे एकाच दारातून येणारे. मग एसीपीआयच्या वेकअप फाइलमधली डिव्हाइसेस एकेक करून बंद करत बघायचं. तरी उठतच असेल तर संशय एम्बेडेड कंट्रोलरवर (बॅटरी, झाकण वगैरे सांभाळणारी छोटी चिप), तो बॅटरीचा टक्का बदलला तरी निरोप पाठवतो. कर्नल असे फुटकळ निरोप ओळखून सस्पेंड-टू-आयडलमध्ये परत झोपायचा प्रयत्न करतो, पण प्रत्येक मशीनवर जमतंच असं नाही. बूटच्या वेळी 'ईसी नो वेकअप' हा पर्याय दिला की एम्बेडेड कंट्रोलरला उठवायची परवानगीच राहत नाही. बॅटरी वाचते, फक्त काही मशीनवर झाकण नाहीतर कीबोर्डही त्याच कंट्रोलरमार्फत येतो, तिथे मग उठवायला पॉवर बटण दाबावं लागतं, आणि तेही त्याच्याच हाताखाली असेल तर हा पर्याय सोडून द्या.